उथळ पाण्याची थोरवी

‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ ही म्हण आपण सर्वांनी ऐकलेली आहे. ज्याच्या ज्ञानाला खोली नाही त्याची बडबड जास्त, असा तिचा अर्थ. माणसांच्या बाबतीत ती खरी असेलही. पण पाण्याच्या बाबतीत तिने उथळपणाची उगीचच बदनामी केली आहे. गुडघाभर पाणी, खाली चिखल, चिखलात लव्हाळे आणि पाणकणीस, वर डासांची गुणगुण, अशी जागा दिसली की आपण नाक मुरडून पुढे जातो. आपल्या देशातील पडीक जमिनींचे नकाशे तयार झाले तेव्हा त्यांतही ‘पाणी साचलेली व दलदलीची जमीन’ असा एक वेगळा वर्ग केला गेला. पडीक म्हणजे निरुपयोगी! मग गावाला मैदान हवे असो, नवे बसस्थानक हवे असो की कचरा टाकायला जागा हवी असो, पहिली नजर तिथेच जाते. चार ट्रक मुरूम टाकला की काम झाले.

मित्रांनो, ही ‘निरुपयोगी’ जागा दिवसरात्र कोणकोणती कामे करीत असते आणि ती कामे उथळ पाण्यातच का होतात, हे या लेखात आपण पाहू. शेवटी काही प्रयोग दिले आहेत. ते केलेत म्हणजे लेखातल्या गोष्टी तुम्हांला स्वतः पडताळून पाहता येतील.

पाणथळ कशाला म्हणायचे?

जिथे जमीन वर्षभर किंवा वर्षातून काही काळ पाण्याखाली असते अथवा पाण्याने चिंब भिजलेली असते, त्या जागेला पाणथळ जागा म्हणतात. तळ्याचा काठ, नदीकाठची दलदल, धरणाच्या जलाशयाचा उथळ भाग, कोकणातील खाजण, खाडीकाठचे तिवरांचे जंगल, ही सारी तिचीच रूपे. इराणमध्ये कॅस्पियन समुद्राच्या काठी रामसर नावाचे गाव आहे. तेथे २ फेब्रुवारी १९७१ रोजी पाणथळ जागांच्या रक्षणासाठी एक आंतरराष्ट्रीय करार झाला. या करारातील व्याख्या फार व्यापक आहे. पाणी नैसर्गिक असो की माणसाने अडवलेले, कायमचे असो की हंगामी, गोडे असो, मचूळ असो की खारे, सर्वांचा तिच्यात समावेश होतो. समुद्रकाठी मात्र खोलीची मर्यादा घातली आहे: ओहोटीच्या वेळी पाणी सहा मीटरपेक्षा जास्त खोल असता कामा नये.

भारत १९८२ साली या करारात सामील झाला. कराराच्या यादीत घातलेल्या जागांना ‘रामसर स्थळ’ म्हणतात. १९८१ साली राजस्थानातील भरतपूरचे केवलादेव आणि ओरिसातील (आताचे ओडिशा) चिलिका सरोवर ही आपली पहिली दोन स्थळे ठरली. ऑगस्ट २०२४ मध्ये भारतातील स्थळांची संख्या ८५ झाली. महाराष्ट्रातील नांदूर मध्यमेश्वर आणि लोणार यांचा समावेश २०२० साली, तर ठाणे खाडीचा २०२२ साली झाला. त्याच वर्षी गोव्यातील कुडचडे येथील नंदा तळे हे त्या राज्यातील पहिले रामसर स्थळ ठरले.

यांपैकी नांदूर मध्यमेश्वरची हकीगत मोठी उद्बोधक आहे. तिथूनच सुरुवात करू.

गाळाने घडवलेले पक्षितीर्थ

नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा या नद्यांचा संगम होतो. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा प्रदेश, पाऊस बेताचा. १९०७ साली संगमाजवळ बंधारा बांधायला सुरुवात झाली. हेतू साधा होता: पाणी अडवायचे आणि कालव्यांनी शेतीला द्यायचे.

वाहत्या पाण्याचा एक नियम आहे. वेग जास्त असला की ते माती आणि वाळू बरोबर वाहून नेते. वेग मंदावला की हातातले ओझे खाली ठेवते. आधी वाळू, मग बारीक माती आणि अगदी शेवटी चिकणमाती. बंधाऱ्यामुळे नदीचा वेग मंदावला आणि पावसाळ्यामागून पावसाळे गाळ साचत गेला. पाणी साठवायची जागा कमी होऊ लागली. अभियंत्याच्या वहीत हा सरळसरळ तोटा होता.

पण त्या गाळातूनच उंचवटे, बेटे आणि उथळ पाण्याचे विस्तीर्ण पट्टे तयार झाले. उथळ पाण्यात सूर्यप्रकाश तळापर्यंत पोचतो, म्हणून तेथे पाणवनस्पती वाढल्या. वनस्पतींमागून गोगलगाई, कीटक, मासे आणि बेडूक आले. त्यांच्यामागून पक्षी आले. हिवाळ्यात उत्तरेकडून हजारो किलोमीटर उडत येणारी बदके येथे मुक्काम करू लागली. १९८६ साली या परिसराला अभयारण्याचा दर्जा मिळाला. महाराष्ट्राचे भरतपूर म्हणून ते ओळखले जाते. रामसर कराराच्या नोंदीनुसार येथे ५३६ जातींचे सजीव आढळले आहेत. बंधाऱ्याचा गाळ जलाशयाला बाधला आणि पाणथळीला लाभला, असेच म्हणायचे!

पाय आणि चोची: खोली मोजण्याची साधने

डिसेंबर-जानेवारीत अशा एखाद्या जलाशयाच्या काठी दुर्बीण घेऊन बसा. पक्षी वाटेल तसे विखुरलेले दिसतात. पण थोडे लक्ष दिले की त्यांची शिस्त ध्यानात येते. अगदी काठाच्या ओल्या चिखलात तुतारी आणि धोबी टिपतात. घोटाभर पाण्यात लांब लाल पायांचा शेकाट्या चालत असतो. त्याच्या पुढे चमचा पक्षी आपली पसरट चोच पाण्यात अर्धवट उघडी धरून डावीकडून उजवीकडे फिरवीत जातो. काही वळवळले की चोच मिटते. थापट्या बदक पृष्ठभागावरचे पाणी चोचीने गाळून घेते. तलवार बदक शेपटी वर आणि डोके खाली करून तळाशी पोचते; म्हणजे त्याच्या मानेची लांबी पुरेल इतकेच पाणी त्याला हवे. कमळपक्षी लांबलचक बोटांमुळे पाण्यावर तरंगणाऱ्या पानांवरून खुशाल चालतो. टिबुकली आणि पाणकावळे मात्र बुडी मारतात. त्यांना खोल पाणी चालते.

म्हणजे पायांची, मानेची आणि चोचीची लांबी ही जणू निसर्गाने दिलेली मोजपट्टीच. जितक्या निरनिराळ्या खोलीचे पाणी, तितक्या निरनिराळ्या पक्ष्यांची सोय. आता कल्पना करा, की कोणी हा जलाशय सगळीकडून सारखाच चार मीटर खोल केला. पाणी वाढेल, पण पंगतीत कोण उरेल? टिबुकली आणि पाणकावळ्यासारखे थोडेच. बाकीच्यांची पाने उचलली गेली!

चिखलाच्या आत

डोळ्यांना दिसणारे पक्षी झाले. याहून मोठे काम चालते ते चिखलात, आणि ते करणारे कामगार सूक्ष्मदर्शकाखेरीज दिसत नाहीत.

कोरड्या मातीच्या कणांमध्ये हवा खेळती असते. माती पाण्याखाली गेली की या पोकळ्या पाण्याने भरतात. पाण्यातून प्राणवायूचा प्रसार हवेतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट मंद होतो. मातीतील जिवाणू असलेला प्राणवायू लवकरच संपवतात आणि नवा येण्यास फार उशीर लागतो. म्हणून चिखलाचा वरचा काही मिलिमीटरांचा थर प्राणवायूयुक्त असतो आणि त्याखाली प्राणवायू जवळजवळ नसतोच.

मग खालचे जिवाणू जगतात कसे? प्राणवायू मिळेनासा झाला की ते इतर पदार्थांवर काम भागवतात. प्रथम नायट्रेटची पाळी येते. शेतातील खते आणि सांडपाणी यांतून आलेल्या नायट्रेटचे जिवाणू नायट्रोजन वायूत रूपांतर करतात आणि तो हवेत निघून जातो. नायट्रेट संपले की लोहाची पाळी. तांबूस रंगाची लोहसंयुगे बदलतात आणि माती राखाडी दिसू लागते. पुढे सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. दलदलीला सडक्या अंड्यासारखा वास येतो तो याचाच. सर्वांत शेवटी मिथेन. चिखलात काठी खुपसली की बुडबुडे येतात, त्यांत हा वायू असतो. १७७६ साली अलेस्सांद्रो व्होल्टा या इटालियन शास्त्रज्ञाने माजोरे सरोवराच्या दलदलीतून असे बुडबुडे गोळा करून तो वायू जळतो हे दाखवले होते. विजेचा घट तयार करणारा व्होल्टा तो हाच.

यातली खरी गंमत पुढेच आहे. सांडपाण्यात नायट्रोजन मुख्यतः अमोनियाच्या रूपात असतो. अमोनियाचे नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना प्राणवायू लागतो; नायट्रेटचा नायट्रोजन वायू करणाऱ्यांचे काम प्राणवायू नसेल तेव्हाच चालते. पहिल्या कामगाराला खिडकी उघडी हवी आणि दुसऱ्याला बंद! हे दोघे शेजारी शेजारी कुठे नांदतील? जिथे पाणी चढते आणि उतरते, माती कधी भिजते तर कधी उघडी पडते, अशा उथळ काठावर. म्हणून पाणी शुद्ध करण्याचे काम खोल पाण्यापेक्षा काठावर अधिक जोमाने चालते.

वनस्पतींनीही या परिस्थितीशी जुळवून घेतले आहे. कमळाचा देठ आडवा कापून पाहा. आत एकमेकांशेजारी पोकळ नळ्या दिसतील. पानांनी घेतलेली हवा त्यांतून चिखलातल्या कंदापर्यंत पोचते. भाताच्या मुळांतही अशा पोकळ्या असतात, म्हणूनच चिखलात लावलेला भात कुजत नाही. तिवराने तर आपली श्वसनमुळे पेन्सिलींसारखी चिखलातून वर काढलेली असतात. पाणवनस्पतींच्या मुळांतून थोडा प्राणवायू बाहेर झिरपतो आणि मुळांभोवती ‘उघड्या खिडकी’च्या जिवाणूंची सोय होते.

बिनपगारी कामगार

पुराचे गणित करू. समजा, गावाशेजारी १० हेक्टर पाणथळ जागा आहे आणि मोठ्या पावसात तिची पातळी फक्त अर्धा मीटर चढते. १० हेक्टर म्हणजे १,००,००० चौरस मीटर. त्याला ०.५ मीटरने गुणले तर ५०,००० घनमीटर, म्हणजेच ५ कोटी लिटर पाणी होते. १०,००० लिटरचे ५,००० टँकर भरतील इतके! ही जागा भरावाने बुजवली तर ते पाणी नाहीसे होत नाही. ते दुसरीकडे जाते. दुसरीकडे म्हणजे कुणाच्या तरी घरात. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. एवढ्या पावसाने कोणत्याही शहराची दाणादाण उडाली असती. पण मिठी नदीच्या काठी आणि खाडीत घातलेल्या भरावांमुळे पाण्याला पसरायला जागा उरली नव्हती आणि संकटाची तीव्रता वाढली, हे त्या वेळी सर्वांच्या लक्षात आले.

पाणी शुद्ध करण्याचे सर्वांत मोठे उदाहरण कोलकात्याला पाहायला मिळते. शहराच्या पूर्वेला सुमारे १२,५०० हेक्टरांचा पाणथळ पट्टा आहे. शहराचे सांडपाणी कालव्यांनी येथे येते आणि उथळ तळ्यांत सोडले जाते. या तळ्यांना तेथे ‘भेरी’ म्हणतात. तळे उथळ असल्यामुळे ऊन आतपर्यंत पोचते. उन्हात शेवाळ वाढते आणि पाण्यात प्राणवायू सोडते. त्या प्राणवायूवर जिवाणू सांडपाण्यातील घाण कुजवून तिचे साधे क्षार बनवतात. क्षारांवर पुन्हा शेवाळ वाढते, शेवाळ आणि सूक्ष्म जीव मासे खातात आणि मासे शहराच्या बाजारात जातात. उरलेले पाणी भातशेतीला मिळते. हे तंत्र तेथील मच्छीमारांनी आणि शेतकऱ्यांनी अनुभवातून सिद्ध केले होते. १९८० च्या दशकात ध्रुवज्योती घोष या अभियंत्याने त्याचा बारकाईने अभ्यास केला आणि त्यामागचे विज्ञान जगापुढे मांडले. शहर वाढत होते, तळी बुजवण्याचे बेत होत होते. १९९२ साली कलकत्ता उच्च न्यायालयाने या पट्ट्याच्या बाजूने निकाल दिला आणि २००२ साली तो रामसर स्थळ झाला.

येथे एक इशारा लक्षात ठेवावा. जिवाणू विष्ठा आणि खरकटे कुजवू शकतात. कारखान्यातून आलेले शिसे किंवा पारा ते नाहीसे करू शकत नाहीत. पाणथळ सारे काही पचवते अशी समजूत करून घेणे घातक ठरेल. पचनशक्तीलाही मर्यादा असतेच.

पानवेलीचे गणित

ती मर्यादा ओलांडली की काय होते, याचे उदाहरण पाहायला पुन्हा नांदूर मध्यमेश्वरला जाऊ. वरच्या बाजूची शहरे आणि शेते यांतून नदीत सांडपाणी आणि खतांचे अंश येतात. त्यांवर पोसते ती पानवेल, म्हणजेच जलपर्णी. जांभळ्या फुलांची ही देखणी वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतील. शोभेसाठी ती देशोदेशी नेली गेली आणि सगळीकडे डोकेदुखी झाली.

अनुकूल परिस्थितीत पानवेल साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. एक कोडे सोडवा. एक तळे आज पूर्ण झाकले गेले आहे. दोन आठवड्यांपूर्वी ते किती झाकलेले होते? अर्धे. चार आठवड्यांपूर्वी? पाव. आठ आठवड्यांपूर्वी? केवळ सोळावा भाग! तेव्हा काठावरून पाहणाऱ्याला वाटले असेल, ‘थोडीशी तर आहे, काढू पुढे कधीतरी.’ दुपटीच्या वाढीचा धोका हाच, की ती ध्यानात येते तेव्हा वेळ निघून गेलेली असते.

पानवेलीच्या जाड थराखाली ऊन पोचत नाही. शेवाळ आणि बुडालेल्या पाणवनस्पती मरतात, प्राणवायू घटतो, मासे गुदमरतात आणि उघड्या पाण्यात चरणाऱ्या बदकांना उतरायला जागा राहत नाही. आता नवल पाहा. कोलकात्याच्या भेरींच्या कडेला हीच पानवेल मुद्दाम राखतात. ती लाटांपासून बांध वाचवते आणि पाण्यातील काही जड धातू मुळांत शोषून घेते. तिथे ती आटोक्यात असते, कारण रोज तिच्याकडे पाहणारी माणसे आहेत.

कुंपण घातले की झाले?

‘तर मग माणसांना आणि गुरांना पाणथळीपासून दूर ठेवले की ती सुरक्षित राहील,’ असे तुम्हांला वाटेल. भरतपूरला असाच विचार झाला होता. केवलादेवच्या पाणथळीत आसपासच्या गावांच्या म्हशी पिढ्यान्पिढ्या चरत असत. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर नोव्हेंबर १९८२ मध्ये चराई बंद करण्यात आली. गावकऱ्यांनी विरोध केला आणि त्या संघर्षात काहींचे प्राण गेले.

पुढे काय झाले? म्हशी थांबल्या आणि पाण्यातले एक गवत मोकाट वाढले. त्याने उघडे पाणी व्यापले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी तेथे अनेक वर्षे अभ्यास केला. गवत खाऊन पाणी मोकळे ठेवण्याचे काम म्हशीच करीत होत्या आणि चराई बंद केल्याने पाणपक्ष्यांचे नुकसान झाले, असा त्यांच्या अभ्यासाचा निष्कर्ष होता. म्हशींनाही त्या परिसंस्थेत एक जागा होती. ती आधी कोणी मोजली नव्हती.

याचा अर्थ प्रत्येक पाणथळीत गुरे सोडावीत असा मुळीच नाही. एका ठिकाणचे औषध दुसऱ्या ठिकाणी विष ठरू शकते. आधी त्या जागेचे कामकाज समजून घ्यावे, माणसांनाही विचारावे आणि मग उपाय योजावा, एवढाच धडा यातून घ्यायचा.

सुंदर तळे, मुके तळे

आज लहान तळ्यांवर आणखी एक संकट आले आहे आणि ते फार गोंडस नावाने येते: सुशोभीकरण. तळे खोल खणायचे, चारी बाजूंनी दगड-सिमेंटची उभी भिंत बांधायची, वर फरसबंद वाट, मध्ये कारंजे. फोटो छान येतो. पण या लेखात आपण जे जे पाहिले ते आठवून त्या भिंतीकडे पाहा. घोटाभर पाणी कुठे आहे? शेकाट्या कुठे उभा राहील? भिजणारा आणि उघडा पडणारा चिखल कुठे आहे, जिथे दोन प्रकारचे जिवाणू शेजारी काम करतील? बेडूक आणि कासव उभ्या भिंतीवरून वर कसे चढतील? पाणी उरले, पाणथळ गेली. डास मात्र जात नाहीत, कारण त्यांच्या अळ्या खाणारे मासे आणि चतुराची पिल्ले ज्या पाणवनस्पतींच्या आधाराने राहतात त्या वनस्पतीच काढून टाकलेल्या असतात.

पिण्याच्या पाण्याच्या तळ्यातील गाळ काढावा लागतो, लोकांना फिरायला जागाही हवी. याबद्दल दुमत नाही. पण निदान एका बाजूचा काठ मातीचा, हळूहळू उतरत जाणारा आणि झाडोऱ्यासह राखावा, एवढे आपण नक्कीच मागू शकतो. देशात पाणथळ जागांसाठी २०१७ साली नियम झाले आहेत. त्यांनुसार अधिसूचित पाणथळ जागेत भराव घालणे, कचरा टाकणे आणि शुद्ध न केलेले सांडपाणी सोडणे यांना मनाई आहे. मात्र ज्या जागेची नोंदच नाही तिच्या मदतीला नियम कसा येणार?

करून पाहा

खालील प्रयोग सातवी-आठवीचे विद्यार्थीही करू शकतील. तळ्यावर जाताना शिक्षक किंवा पालक बरोबर असावेत आणि पाण्यात कोणीही उतरू नये. काठावरून सर्व काही करता येते.

१. ट्रेमधली पाणथळ. एक पसरट ट्रे घ्या. त्याच्या अर्ध्या भागात शाडूच्या मातीचा उतार करा. उरलेला अर्धा भाग म्हणजे तळे. उताराच्या पायथ्याशी, आडव्या रेषेत, स्पंजची पट्टी घट्ट बसवा. तळाला भोके पाडलेल्या डब्यातून उताराच्या माथ्यावर पेलाभर गढूळ पाणी ओता. पाणी तळ्यात पोचायला किती सेकंद लागले, किती पाणी पोचले आणि ते किती गढूळ होते, ते लिहा. आता स्पंज काढून तेवढेच पाणी पुन्हा ओता. दोन्ही नोंदींची तुलना करा. मग तिसरा प्रयोग करा: स्पंज आधीच पाण्याने चिंब भिजवून बसवा. काय फरक पडला? पावसाळ्याच्या सुरुवातीला रिकामी असलेली पाणथळ आणि आधीच भरलेली पाणथळ पुराच्या वेळी सारखेच काम करतील का, यावर वर्गात चर्चा करा. खऱ्या पाणथळीत असून या ट्रेमध्ये नाही असे काय काय आहे, याचीही यादी करा.

२. मातीचा रंग. काचेच्या दोन बरण्यांत सारखीच लाल माती भरा. प्रत्येकीत चमचाभर वाळलेल्या पानांचा चुरा मिसळा. एकीत माती फक्त ओलसर राहील इतके पाणी शिंपडत जा. दुसरीत मातीवर चार बोटे पाणी उभे राहू द्या. झाकण सैल ठेवा आणि बरण्या वर्गाबाहेर सावलीत ठेवा. तीन-चार आठवडे दर आठवड्याला रंग आणि वास नोंदवा. कोणती माती राखाडी किंवा काळपट होते? वरचा पातळ थर वेगळ्या रंगाचा राहतो का? का राहतो, ते लेखात शोधा.

३. तळ्याची वही. बांबूच्या काठीवर दर पाच सेंटिमीटरला रंगाच्या खुणा करा आणि तळ्याच्या काठाशी, मोठ्या माणसाच्या मदतीने, ती पक्की रोवा. दर पंधरवड्याला पाण्याची पातळी वाचा. त्याच दिवशी, त्याच वेळी, पंधरा मिनिटे पक्षी मोजा. नावे येत नसली तरी चालेल; ‘लांब पायांचा’, ‘बुडी मारणारा’, ‘पोहणारा’, ‘काठावर टिपणारा’ असे चार रकाने पुरेत. पानवेल असेल तर तळ्याचा किती भाग झाकला आहे याचा अंदाज लिहा. वर्षअखेर पातळी आणि पक्षी यांचे आलेख एकाखाली एक काढा. कोणत्या पातळीला कोणते पक्षी जास्त होते, हे तुमच्या आलेखातूनच कळेल.

४. आजोबांची साक्ष. गावातील वयस्कर माणसांना, मच्छीमारांना, गुराख्यांना विचारा: पूर्वी पाणी कुठपर्यंत येई? कोणते मासे मिळत? काठावरून काय काय घरी आणले जाई? तुमच्या आई-आजीलाही विसरू नका. रानभाज्या आणि शिंगाड्यांची माहिती बहुधा त्यांच्याकडेच असते.

शिक्षकांना एक सूचना. हे काम एका वर्गाचे, एका वर्षाचे न ठेवता शाळेचे ठेवावे. यंदाच्या सातवीने वही सुरू करावी आणि पुढच्या सातवीच्या हाती द्यावी. दहा वर्षांची अशी वही ग्रामपंचायतीपुढे किंवा नगरपालिकेपुढे ठेवली तर तिचे वजन कोणत्याही भाषणापेक्षा जास्त असेल.

नकाशावरचा ठिपका

अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने उपग्रहांच्या छायाचित्रांवरून भारतातील पाणथळ जागांचा नकाशासंग्रह तयार केला. तो २०११ साली प्रसिद्ध झाला. २.२५ हेक्टरपेक्षा मोठ्या जागांच्या सीमा त्यात रेखाटल्या आहेत. अशा जागा दोन लाखांहून थोड्या अधिक भरल्या. त्याहून लहान जागा मात्र ५,५५,५५७ निघाल्या, आणि त्या आकाराने इतक्या लहान की नकाशावर नुसत्या ठिपक्यांनी दाखवाव्या लागल्या. त्या प्रत्येक ठिपक्याच्या ठिकाणी पाणी किती खोल आहे, काठ मातीचा आहे की सिमेंटचा, थंडीत तिथे कोण उतरते, हे आकाशातल्या उपग्रहाला सांगता येत नाही. ते काठावर उभ्या राहिलेल्या माणसालाच सांगता येते.

तुमच्या गावाजवळचा ठिपका कोणता? मे महिन्यात पाणी सर्वांत कमी असते. काठी रोवायला ती वेळ उत्तम. पहिल्या पावसानंतर पाणी किती चढते ते मग वाचता येईल.